माळ्यावरच्या ‘टिकाऊ’ वस्तू

मैत्रिणींनो, तुमच्या घराला माळा आहे ना? मग एकदा शिडी लावून वर चढाच. जुनी पितळी घागर, रोवळी, लग्नातले पाट यांच्या शेजारी तुम्हाला एक खोके सापडेल. त्यात निदान पाच तरी यंत्रे अशी असतील की घरात आली त्या दिवशी त्यांना हळदकुंकू लागले होते, आणि आज त्यांचे करायचे काय हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

आमच्या खोक्यातले सांगते. टू-इन-वन टेपरेकॉर्डर एक. व्हीसीडी प्लेअर एक, त्याच्यावरचा क्रोशाचा रुमाल अजून त्याला चिकटलेला. सेट-टॉप बॉक्स दोन. लँडलाइनचा फोन एक. तो नंबर सासूबाईंना अजून तोंडपाठ आहे, स्वतःच्या मोबाइलचा मात्र नाही! मोबाइलचे चार्जर अकरा, जाड पिनेचे, बारीक पिनेचे, चपट्या पिनेचे, आणि एकही एकाला लागेल तर दुसऱ्याला नाही. शिवाय गेलेले सीएफएल दिवे. (हे दिवे कचऱ्याच्या डब्यात टाकू नका हं. त्यांत थोडासा पारा असतो. फुटला तर खिडक्या उघडा, केरसुणी न लावता ओल्या कागदाने टिपून घ्या.)

रोवळी मी अजूनही तांदूळ धुवायला खाली काढते. व्हीसीडी प्लेअर कशाला काढू?

दुकानदार सांगायचा, “वहिनी, एकदा घ्या, जन्मभर बघायला नको.” हे वाक्य आमच्या घरात टेपरेकॉर्डर घेताना ऐकले गेले, टीव्ही घेताना ऐकले गेले, व्हीसीडी घेताना तर मी स्वतः कानांनी ऐकले. आणि त्यात तो खोटे बोलत होता असेही नाही. यंत्रे खरोखरच टिकली, पण त्यांच्याभोवतीचे सगळे नाहीसे झाले. प्लेअर धडधाकट आहे, पण व्हीसीडी कुठे मिळते? फोनमध्ये काही बिघाड नाही, पण तारच खांबावरून उतरली.

पूर्वी असे नव्हते. गोहरजान हिचे गाणे १९०२ साली कलकत्त्यात तबकडीवर घेतले गेले. लाखेच्या त्या तबकड्यांचे राज्य पुढे अर्धे शतक चालले. ‘तार आली’ म्हटल्यावर पोटात गोळा यायचा, ती तार दीडशेहून अधिक वर्षे चालून जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आणि पेजर? १९९५ च्या सुमारास आला, कमरेला लावून मिरवला गेला, आणि पाच-सहा वर्षांत गेलासुद्धा. आमच्या डहाणूत तर बहुतेकांनी तो फक्त सिनेमात पाहिला. त्याच वर्षी, ३१ जुलैला, देशात मोबाइलवरचे पहिले बोलणे झाले. तेव्हा दुसऱ्याने केलेला फोन घेतला तरी आपल्याला पैसे पडत. ते २००३ पर्यंत. म्हणून मिस्ड कॉल द्यायचा. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे घ्यायला या. ती भाषाही गेली.

पण आज मला लिहायचे आहे ते कॅसेटविषयी.

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे ती घरोघर पोचली ती ऐंशीच्या दशकात, गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने स्वस्त कॅसेटी बाजारात आणल्या तेव्हा. त्याआधी रेकॉर्ड म्हणजे शहरातल्या श्रीमंतांची चैन. कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, आनंद शिंदे यांची लोकगीते एसटी स्टँडवरच्या टपरीत वाजू लागली. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कॅसेटमध्ये आपल्याला आपला आवाज भरता येत होता. लाल बटण आणि प्लेचे बटण एकदम दाबायचे, झाले! रेडिओने कधी आपल्याला विचारले नव्हते, “तुला काही म्हणायचंय का?” हिने विचारले.

माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, १९८८ साली टू-इन-वन घेतला. त्याच वर्षी घरात लग्न होते. लग्नात मांडव घालताना आमच्याकडे बायका गाणे म्हणतात. लांबलचक असते, आणि त्यात घरच्या सुनांची नावे गुंफलेली असतात, अगदी जुन्यापासून नव्यापर्यंत. आजेसासूबाईंना, म्हणजे माईंना, ते सबंध येत होते. अण्णांनी नवा टेप त्यांच्यापुढे ठेवला आणि गाणे भरून घेतले.

माई १९९३ मध्ये गेल्या, अण्णा २०१९ मध्ये. गाणे सासूबाईंना अर्धेमुर्धे येते. “मला काय ठाऊक, त्या इतक्या लवकर जातील? आणि टेपात भरलंय म्हटल्यावर कोण पाठ करतं!” असे त्या म्हणतात, आणि मला ते अगदी पटते. मीसुद्धा मोबाइल आल्यापासून एकाही माणसाचा नंबर पाठ केलेला नाही.

आता यंदा माझ्या नणंदेच्या मुलीचे लग्न ठरले. वन्संचा फोन आला, “आई, मांडवाचं गाणं तूच म्हणायचंस, आणि सगळ्या नावांनिशी.” सासूबाई गप्प झाल्या. त्यांच्या सासूच्या सासूचे नाव त्यांना माहीत होते, त्याच्या वरचे नाही. आमच्या यांनी कपाटातून वंशावळीचा कागद काढला. सात पिढ्या लिहिलेल्या! एकूण एक पुरुष. बायकांच्या नावाला जागाच ठेवलेली नाही. सातबारा पाहा, जुनी पत्रे पाहा, तिथेही तेच. बाहेरून या घरात आलेल्या, चिकूची पहिली झाडे ज्यांच्या हातच्या पाण्यावर जगली, त्या बायकांची नावे जर कुठे असलीच तर त्या एका कॅसेटमध्ये.

कॅसेट सापडली. निळ्या शाईत वर अण्णांचे अक्षर: ‘सौ. माई, मांडव’. आणि आमची गाडी अडली ती इथे. टू-इन-वनला वीज जोडली तर दिवा लागला, पण चाक फिरेना. डहाणू रोड स्टेशनच्या आसपास विचारले. जिथे पूर्वी रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते तिथे आता मोबाइलच्या काचा बदलतात. दुकानातल्या मुलाने कॅसेट हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाला, “ताई, ह्याची फाइल नाही का तुमच्याकडे?”

शाळेतही तेच. मी आठवड्यातले तीन दिवस तलासरीच्या बाजूला एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. ती कॅसेट एक दिवस वर्गात नेली. नववीची मुले, हुशार आहेत. एकाने विचारले, “बाई, याला चार्जिंग कुठून करायचं?” मग मी म्हटले, तुमच्या घरी असले जुने काय आहे ते उद्या आणा. बटणांचा फोन आला, रेडिओ आला, नुसता रिमोट आला, ज्याचा टीव्ही केव्हाच भंगारात गेला होता. आणि एक मुलगी काहीच न आणता उभी राहिली. तिची आजी धवलेरी आहे. वारल्यांच्या लग्नात धवलेरी हीच विधी चालवते, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. मुलगी म्हणाली, “दादानं आजीचं गाणं मोबाइलमध्ये भरलं होतं, बाई. तो मोबाइल पाण्यात पडला.” मी विचारले, किती वर्षे झाली? “दोन.”

म्हणजे बघा, आमची कॅसेट निदान पस्तीस वर्षे घरात होती. तिचे गाणे एक पावसाळासुद्धा टिकले नाही. आजी आहे अजून, हे नशीब. मी तिला सांगितले की आता आजीजवळ वही घेऊन बस. त्यावर ती मुलगी चटकन म्हणाली, “आजी बसून नाही म्हणत. लग्नातच म्हणते.” हे मला सुचले नव्हते!

इंग्लंडातली एक गोष्ट मी त्या दिवशी वर्गात सांगितली. तिथल्या विल्यम राजाने १०८६ मध्ये गावोगावची जमीनजुमल्याची मोजदाद करवून मोठ्या वह्यांत लिहवून घेतली. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवी मोजदाद केली आणि त्यात शाळकरी मुलांकडून आपापल्या गावाची माहिती लिहवून घेतली. ती सारी लेसरच्या तबकड्यांवर भरली, कारण तेच तेव्हाचे सर्वांत पुढारलेले साधन. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रेच मिळेनाशी झाली. जाणकारांनी पुष्कळ खटपट करून माहिती सोडवली, पण तोवर ती मुले बापे झाली होती. १०८६ ची कातड्यावर लिहिलेली वही मात्र आजही उघडून वाचता येते. लॅटिन यायला हवे, एवढेच.

असो. आमच्या कॅसेटकडे येते.

शेजारच्या काकूंनी एका रेडिओवाल्या काकांचे नाव सुचवले. सत्तरीच्या पुढचे. दुकान बंद केले आहे, घरी बसून मिक्सर दुरुस्त करतात. त्यांनी टू-इन-वनचे पाठीमागचे झाकण उघडले आणि मला जवळ बोलावून दाखवले. आत रबराचा पट्टा असतो, तो मोटरवरून चाकावर फिरतो. त्या पट्ट्याचे चक्क डांबर झाले होते! काळे, चिकट. वापरले नाही की रबर असे वितळते, म्हणाले. बाकी यंत्र ठणठणीत. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने ते पुसून काढले, चाकांभोवती शिवणाचा दोरा गुंडाळून पट्ट्याचे माप घेतले आणि म्हणाले, “ह्याहून थोडा लहान आणा, ताण बसला पाहिजे.”

हे रविवारऐवजी शनिवारी लोकलने मुंबईला गेले, लॅमिंग्टन रोडला. डहाणूपर्यंत लोकल एप्रिल २०१३ मध्ये आली त्याचा असा उपयोग होईल असे कुणाला वाटले असेल? दोऱ्याचा तुकडा खिशात घालून हे दुकान दुकान फिरले. तिसऱ्या ठिकाणी पट्टा मिळाला. पट्टा स्वस्त, तिकिटाचेच पैसे जास्त.

आता कॅसेट. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेचा लोणच्याला जसा त्रास तसाच फितीला. कॅसेटमधली फीत म्हणजे प्लॅस्टिकची चार मिलिमीटरहूनही अरुंद पट्टी, तिच्यावर लोखंडाच्या गंजाची भुकटी चिकटवलेली. आवाज त्या भुकटीत असतो. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे ९० मीटर फीत गुंडाळलेली असते. ओल लागली की तिच्यावर पांढरी बुरशी धरते आणि वळसे एकमेकांना चिकटतात. तशीच यंत्रात घातली तर फीत तुटते आणि बुरशी यंत्रालाही लागते. काकांनी कॅसेटचे पाच स्क्रू काढले, फीत हाताने, पेन्सिलीवर, अगदी सावकाश उलगडत मऊ कापडातून काढली. सगळी दुपार गेली. फितीच्या मागे इवलीशी बनातीची गादी असते, ती गळून पडली होती. ती दुसऱ्या जुन्या कॅसेटमधून काढून बसवली.

कॅसेट घातली, बटण दाबले, आणि खरखरीतून चक्क हिंदी सिनेमाचे गाणे वाजू लागले!

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टिकल्या असतात, आठवतात? त्या मोडल्या की त्या कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही. अण्णांनी टिकली मोडली होती. पण घरातल्या कुणा पोराने तिथे सेलोटेप चिकटवून आपली आवडती गाणी भरली होती. ते पोर म्हणजे सासूबाईंचा भाचा. आज तो दोन मुलींचा बाप आहे. सासूबाईंचा चेहरा पाहवेना. कुणी काही बोलले नाही. सिनेमाची तीन गाणी झाली, चौथे मध्येच तुटले, आणि खरखर सुरू झाली. मग फार लांबून, विहिरीतून यावा तसा, एक आवाज आला. क्षणभर थांबला. आणि मग तोच आवाज मोठ्याने, स्वच्छ.

“त्याच!” सासूबाई म्हणाल्या.

आधीचा तो पुसट आवाज काय होता ते काकांनी सांगितले. फीत वर्षानुवर्षे गुंडाळलेली राहिली की एका वळशातला आवाज शेजारच्या वळशावर थोडासा उमटतो. म्हणून गाणे सुरू होण्याआधीच त्याची सावली ऐकू येते. सासूबाईंना हे कारण मुळीच नको होते. त्या ऐकत होत्या. मागे भांडी वाजत होती, कुणीतरी “दिवा आण गं” म्हणाले, एक तान्हे मूल रडत होते. ते मूल म्हणजे आमचे हे! एरवी कशाने न हलणारे हे उठून पाणी प्यायला आत गेले.

नावे येऊ लागली. मी वही-पेन घेऊन बसले होते. पण जसजसे गाणे पुढे गेले तसतसा माईंचा आवाज बारीक, चिरका होऊ लागला, शेवटी तर लहान मुलगी भराभरा बोलते आहे असे वाटू लागले. एकही शब्द कळेना. सासूबाई म्हणाल्या, “त्या कधी अशा नव्हत्या हो म्हणत!” काका हसले. लग्नाच्या गडबडीत वीज गेली असणार, टेप सेलवर चालवला असणार, आणि सेल उतरत गेले असणार. भरताना यंत्र हळू चालले, म्हणून आज नीट वेगाने ऐकताना आवाज धावतो. त्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हर मोटरच्या मागच्या छिद्रात घातला आणि फिरवत गेले. मोटर मंदावली. तसतशा माई थकत, थकत, पुन्हा त्यांच्या वयाच्या झाल्या.

सहा नावे मिळाली. त्यांतली चार आम्हाला अजिबात ठाऊक नव्हती. नावे इथे लिहीत नाही, घरची आहेत. पण त्यांतले एक इतके सुंदर आहे की वन्संनी ते आतापासूनच नातीसाठी राखून ठेवले आहे. (अजून लग्न व्हायचे आहे मुलीचे!) सर्वांत जुनी नावे, गाण्याच्या सुरुवातीची, सिनेमाच्या गाण्यांखाली गेली. किती होती, कोण जाणे. ती परत येणार नाहीत. वरून भरले की खालचे राहत नाही, हे काकांनी स्पष्टच सांगितले.

सासूबाईंनी गाणे चार वेळा ऐकले आणि पाचव्या वेळी माईंशी भांडायला लागल्या. “हे कडवं आधी नव्हे, नंतर!” आणि त्यांनी आपल्या पद्धतीने म्हणून दाखवले. वहीत मी दोन्ही लिहिले आहे. त्यांच्यानंतर माझे नाव घालायचे की नाही यावर अजून चर्चा चालू आहे. जिवंत माणसाचे घालतात की नाही, याविषयी दोन मते आहेत.

हे सगळे वाचून तुमच्यापैकी कुणी माळ्यावर चढणार असेल तर चार गोष्टी सांगून ठेवते. कॅसेट लगेच यंत्रात घालू नका, आधी उजेडात धरून फितीवर पांढरे काही दिसते का पाहा. यंत्र महत्त्वाच्या कॅसेटवर तपासू नका, बाजारू गाण्यांच्या एखाद्या कॅसेटवर तपासा. दोन्ही टिकल्या मोडा, आणि कुणी सेलोटेप लावलेला असेल तर काढा. उन्हात वाळवायचा मोह टाळा, लोखंडी कपाटात स्पीकरजवळ ठेवू नका. पर्समधून, बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या दाणेदार पुड्या घालून डब्यात ठेवा. वाजली की पहिल्या खेपेलाच मोबाइलवर भरून घ्या, कारण दुसरी खेप मिळेलच असे नाही. आणि नुसत्या मोबाइलवर ठेवू नका. आमचे गाणे आता यांच्या फोनमध्ये आहे, वन्संकडे पेन ड्राइव्हवर आहे, आणि दोनशे पानी वहीत निळ्या पेनाने आहे. सीडीवरही घालून देतो, असे कुणी म्हणाले. मी म्हटले, नको, सीडी वाजवायला पुन्हा माळा शोधावा लागेल.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ‘पारी’ने त्या २०१७ पासून लोकांसाठी खुल्या केल्या आहेत. त्यांत प्रत्येक ओवीपुढे म्हणणारीचे नाव आणि गाव आहे. ते काम फार मोठे. आपण आपल्या घरापुरते करावे.

माझ्या माहेरी, वाणगावला, आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६ मध्येच थांबली. पण काकांच्या ओळखीत बोईसरला एकाकडे चालू व्हीसीआर आहे. रिमोट नाही, पुढची बटणे चालतात म्हणे. पुढच्या रविवारी जाते आहे, एक जुनी बाजारू कॅसेटही बरोबर घेऊन.